मागची गाडी : दुसऱ्या ट्रेलरचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/ अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील महामार्गांवर उन्हाळ्याच्या सुटीत एक दृश्य दिसते. पुढे पिकअप ट्रक, त्यामागे कॅम्पर, म्हणजे बिछाने-स्वयंपाकघरासह चाकांवर उभारलेले छोटे घर, आणि त्या घराच्याही मागे होडी लादलेला आणखी एक ट्रेलर. तीन वाहने, दोन सांधे आणि एकच चालक. काही राज्यांत ही जोडगाडी कायदेशीर आहे, तर काही राज्यांत तिला मनाई आहे. एकाच देशात एकाच गोष्टीविषयी इतका मतभेद का?

२/ त्याचे उत्तर इंजिनच्या ताकदीत सापडत नाही. दोन गाड्या ओढण्याइतकी ताकद वाफेच्या इंजिनातही होती. खरी अडचण ओढण्यापलीकडची आहे आणि ती तीन प्रश्नांत मांडता येते. मागची गाडी थांबणार कशी, विशेषतः सांधा तुटला तर? वळणावर ती पुढच्या गाडीचा माग धरणार का? आणि पुढे बसलेला लहानसा हिसका मागे पोहोचेपर्यंत केवढा होणार? गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या तीन प्रश्नांचा आहे.

३/ आरंभ १८६५ सालच्या ब्रिटनपासून करता येतो. रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांसाठी तेथे त्या वर्षी कायदा झाला. इंजिनापुढे लाल बावटा घेऊन माणूस चालवण्याच्या अटीमुळे तो पुढे चेष्टेचा विषय ठरला. वेगमर्यादा गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल होती. इंजिनाबरोबर किमान तीन माणसे असणे बंधनकारक होते.

४/ लाल बावट्याची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. त्याच कलमातील आणखी एक अट मात्र सहसा कोणी सांगत नाही. इंजिनाला दोनांहून अधिक गाड्या जोडल्या असतील, तर त्या गाड्यांवर लक्ष ठेवण्यासाठी आणखी एक माणूस नेमावा, असे तेथे म्हटले होते. ताशी चार मैलांच्या काळातही कायदेकर्त्यांना एवढे कळले होते की, पुढे बसलेल्या चालकाला शेवटच्या गाडीचे काय चालले आहे ते दिसत नाही.

५/ या प्रयोगांचा एक अध्याय हिंदुस्थानात घडला. आर. ई. बी. क्रॉम्प्टन हा तरुण ब्रिटिश अधिकारी बैलांच्या संथ सरकारी वाहतुकीला कंटाळला होता. एडिंबराच्या आर. डब्ल्यू. टॉमसनने १८६७ मध्ये जाड भरीव रबरी धावांचे वाफेचे रस्ता-इंजिन बनवले होते. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या पाठिंब्याने क्रॉम्प्टनने तशी इंजिने इंग्लंडातील इप्सविच येथे बनवून घेतली. त्यांना पंजाबातील नद्यांची नावे दिली गेली. ‘चिनाब’ आणि ‘रावी’ ही त्यांतली दोन.

६/ १८७१ मध्ये ‘रावी’ने इप्सविच ते एडिंबरा आणि परत असा प्रवास स्वतःच्या चाकांवर केला. पुढे ही इंजिने रावळपिंडीच्या परिसरात ग्रँड ट्रंक रोडवर ‘सरकारी वाफगाडी’ म्हणून गाड्यांची रांग ओढू लागली. परंतु मेयोची १८७२ मध्ये अंदमानात हत्या झाली, लोहमार्ग पुढे सरकत राहिले आणि दशकाच्या मध्यास क्रॉम्प्टन मायदेशी परतला. रस्त्यावरची आगगाडी मागे पडली. मागची गाडी थांबवण्याचा प्रश्न मात्र खऱ्या आगगाडीलाही सुटलेला नव्हता.

७/ त्या काळी बहुतेक आगगाड्यांत ब्रेक इंजिनावर आणि गार्डाच्या डब्यात असत. मधल्या डब्यांना स्वतःला थांबवण्याची सोय नसे. १८६९ मध्ये जॉर्ज वेस्टिंगहाऊसने दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. चालकाने हवा सोडली की ती नळीतून प्रत्येक डब्यापर्यंत जाई आणि ब्रेक लागत. पण यात एक घातक उणीव होती. नळी तुटली की हवा गेली आणि हवेबरोबर ब्रेकही गेले. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची सर्वाधिक गरज, नेमक्या त्याच क्षणी ते निकामी!

८/ १८७२ मध्ये वेस्टिंगहाऊसने ही रचना उलटी केली. आता नळीत हवा कायम दाबून ठेवायची आणि प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी बसवायची. नळीतला दाब कायम असेतो ब्रेक सुटलेले राहत. दाब घटला की डब्याखालची झडप टाकीतील हवा ब्रेककडे वळवी. त्यामुळे डबा सुटला, नळी तुटली, की ब्रेक आपोआप लागत. पुढच्या वाहनाशी संबंध तुटणे हीच थांबण्याची आज्ञा ठरली.

९/ हा शोध उपलब्ध असूनही अनेक कंपन्यांनी खर्चाच्या नावाखाली तो टाळला. त्याची किंमत १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ मोजावी लागली. रविवारच्या शाळेची मुले, त्यांचे पालक आणि शिक्षक वॉरेनपॉइंट येथील समुद्रकिनाऱ्यावर सहलीला निघाले होते. १५ डब्यांच्या गाडीत सुमारे ९४० प्रवासी होते. बिनतिकीट कोणी चढू नये म्हणून डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद केलेली होती.

१०/ आर्मा सोडताच ७५ फुटांमागे एक फूट असा चढ लागतो. शिखर थोडक्यात राहिले असता इंजिन अडले. मागून वेळापत्रकातली दुसरी गाडी येणार होती. प्रभारी अधिकाऱ्याने ठरवले की गाडी मधोमध तोडावी, पुढचे पाच डबे आधी पुढच्या स्थानकात पोहोचवावे आणि मग येऊन उरलेले दहा डबे न्यावे. निर्णय वरवर शहाणपणाचा वाटतो. पण या गाडीचे निर्वात ब्रेक जुन्या पद्धतीचे होते. इंजिनाशी जोड सुटताच मागच्या दहा डब्यांचे ते ब्रेक निकामी झाले.

११/ मागच्या भागाला आता आधार होता तो शेवटच्या डब्यातील हातब्रेकचा आणि चाकांखाली लावलेल्या दगडांचा. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला. त्याचा धक्का मागच्या डब्यांना बसला, दगड चिरडले गेले आणि दहा डबे उतारावरून मागे घरंगळू लागले. सुमारे अडीच किलोमीटर वेग घेत जाऊन ते मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. कुलूपबंद दारांमुळे उड्या मारून सुटणेही अवघड होते. सुमारे ८० माणसे मेली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती.

१२/ त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे अखंड ब्रेक सक्तीचे केले. तंत्र १७ वर्षे जुने होते. ते कायद्यात येण्यासाठी आर्मा घडावे लागले. अमेरिकेने १८९३ मध्ये रेल्वे सुरक्षिततेचा कायदा करून हवेच्या ब्रेकांना व स्वयंचलित सांध्यांना तशीच सक्ती केली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निश्चित झाले : प्रत्येक गाडीला स्वतःचा ब्रेक हवा आणि जोड तुटताच तो लागायला हवा.

१३/ दुसरा प्रश्न माग धरण्याचा. रुळांवर तो उद्भवतच नाही. रस्त्यावर मात्र वळणावर ट्रेलरची चाके पुढच्या गाडीच्या चाकांपेक्षा आतल्या बाजूने जातात, आणि त्यामागच्या ट्रेलरची आणखी आतून. गाड्यांची रांग जितकी लांब, तितकी शेवटची गाडी वळणाचा कोपरा कापते. तेथे दगड, खांब किंवा पादचारी असला तर पुढे बसलेल्या चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

१४/ फ्रान्सचे लष्करी अभियंता कर्नल शार्ल रनार यांनी यावर उत्तर शोधले. १८८४ मध्ये ‘ला फ्रान्स’ हे नियंत्रित हवाई जहाज उडवणाऱ्या दोघांपैकी ते एक. १९०३ मध्ये त्यांनी रस्त्यावरची आगगाडी सादर केली. तिच्या प्रत्येक गाडीची चाके इंजिनाकडून आलेल्या फिरत्या दांड्यांनी चालत. शिवाय प्रत्येक गाडीचे सुकाणू पुढच्या गाडीशी असे जोडलेले होते की, मागची गाडी जवळजवळ त्याच चाकोरीतून वळे. रनार १९०५ मध्ये निवर्तले. ब्रिटनमध्ये डेमलर कंपनीने त्यांच्या पद्धतीच्या गाड्या बांधल्या, पण ही यंत्रणा गुंतागुंतीची आणि महागडी होती.

१५/ या कल्पनेला खरी भूमी मिळाली ती ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रदेशात. तेथे अंतर अफाट, वस्ती विरळ आणि नद्यांची पात्रे कोरडी, वाळूने भरलेली. १९३४ मध्ये एईसी कंपनीची सरकारी रोडट्रेन ॲलिस स्प्रिंग्ज येथे कामाला लागली. पुढे आठ चाकांचा डिझेल ट्रक, मागे आठ-आठ चाकांचे दोन ट्रेलर. ट्रेलरची पुढची व मागची दोन्ही चाके वळत असल्याने ते ट्रकच्याच चाकोरीत राहत. एका खेपेत सुमारे १५ टन माल जाई. जेथे उंटांचे तांडे चालत, तेथे हे मोठेच परिवर्तन होते.

१६/ दुसऱ्या महायुद्धानंतर ॲलिस स्प्रिंग्जच्याच कर्ट योहानसन या कारागिराने रणगाडे वाहून नेणारा सैन्याचा जुना ट्रक घेतला, त्यामागे आपणच बनवलेले स्वतः माग धरणारे ट्रेलर लावले आणि त्यांतून गुरांची वाहतूक सुरू केली. आजच्या ऑस्ट्रेलियन रोडट्रेनचा पाया त्याने घातला असे मानले जाते. आज अशा जोडगाड्या ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. त्या ठरावीक मार्गांवरच चालतात, हे मात्र विसरू नये.

१७/ आता पुन्हा अमेरिकेकडे. डेट्रॉइटमधील फ्रेडरिक सिब्ली या लाकूड व्यापाऱ्याला १९१४ मध्ये आपली होडी सुटीच्या ठिकाणी न्यायची होती. त्याने ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराला मोटारीमागे लावायची गाडी बनवायला सांगितले. फ्रूहॉफने फोर्ड मॉडेल टीच्या मागच्या भागावर ट्रेलरचे पुढचे टोक टेकवले. ट्रेलरच्या भाराचा एक हिस्सा मोटारीने पेलला. हीच फ्रूहॉफ कंपनीच्या प्रसिद्ध अर्ध-ट्रेलरची सुरुवात. अमेरिकेतील एका बलाढ्य मालवाहतूक उद्योगाचे बीज अशा रीतीने सुटीतील होडीत आहे.

१८/ या जोडणीला ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक, म्हणतात. हे नाव घोडागाडीच्या काळातले. पुढचा आस वळावा म्हणून त्यावर जे आडवे चक्र बसवत, ते चार चाकांनंतरचे पाचवे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी ‘एरोकार’ नावाचा कॅम्पर बाजारात आणला. त्याचे पुढचे टोक मोटारीच्या मागच्या भागात आडव्या ठेवलेल्या हवाभरल्या चाकात बसे. फिरत्या घराने ट्रकची जोडणी उचलली ती येथे.

१९/ साध्या हूकने जोडलेल्या ट्रेलरहून हे वेगळे कसे? हूक गाडीच्या मागच्या टोकाला, मागच्या आसापासून दूर असतो. ट्रेलर बाजूला झुलला की ते टोक तरफेसारखे काम करते आणि पुढच्या गाडीलाच वळवू पाहते. फिफ्थ व्हील आसाच्या वर किंवा किंचित पुढे असते. तेथे झोक्याला तरफ मिळत नाही. म्हणूनच दुसऱ्या ट्रेलरला परवानगी देणाऱ्या मिशिगन, मिनेसोटा यांसारख्या राज्यांत पहिला ट्रेलर म्हणून फिफ्थ व्हील जोडणीचा कॅम्पर अपेक्षित असतो.

२०/ तिसरा प्रश्न हेलकाव्याचा. चालकाने आडव्या आलेल्या जनावराला चुकवण्यासाठी सुकाणू झटकन फिरवले, तर ट्रकला बसलेला हिसका पहिल्या ट्रेलरमध्ये वाढतो आणि दुसऱ्यात आणखी वाढतो. चाबकाची मूठ थोडी हलते, टोक मात्र फटकारते, तसे हे आहे. १९८० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात आणि कॅनडात यावर विस्तृत अभ्यास झाले. काही दुहेरी जोडगाड्यांत शेवटच्या ट्रेलरचा आडवा हिसका ट्रकच्या सुमारे दुप्पट भरला. चालकाला आपण सावरलो असे वाटते, त्याच क्षणी मागचा ट्रेलर उलटत असतो.

२१/ कॅनडाने यातून धडा घेतला. दोन ट्रेलरमध्ये हूक-दांडी ठेवण्याऐवजी पहिल्या ट्रेलरच्या मागच्या आसांवरच फिफ्थ व्हील बसवून दुसरा त्यावर टेकवायचा, या रचनेला तेथे प्राधान्य मिळाले. एक सांधा कमी झाला की हिसका वाढण्याची एक पायरीही कमी होते. सांध्यांची संख्या हा सुरक्षिततेचा मोठा घटक आहे, ही गोष्ट आता मोजमापाने सिद्ध झाली.

२२/ या पार्श्वभूमीवर कॅम्परमागची होडी पाहिली की नियमांचा अर्थ उलगडतो. जड ट्रेलर पुढे, हलका मागे. मागच्या ट्रेलरमधील ओझे त्याच्या आसाच्या पुढे झुकलेले, कारण शेपटीकडे भार गेला की झोके सुरू होतात. दांडीखाली फुलीच्या आकारात साखळ्या, म्हणजे हूक सुटला तरी दांडी जमिनीत न रुतता साखळीवर टेकते. आणि ब्रेक असलेल्या ट्रेलरवर एक लहान बॅटरी, जिची पिन तारेने पुढच्या वाहनाला बांधलेली असते. ट्रेलर सुटला की पिन निघते आणि ब्रेक लागतात. ही १८७२ मधील वेस्टिंगहाऊसची कल्पना, केवळ हवेऐवजी विजेवर.

२३/ तरीही काही मर्यादा राहतातच. कॅम्परचा सांगाडा दुसरा ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेला असतोच असे नाही. त्याच्या मागच्या चाकांपलीकडे लांब शेपटी असते, त्यामुळे तेथे बसवलेला हूक वळताना उलट दिशेला फेकला जातो. दोन सांध्यांची गाडी मागे घेणे जवळपास अशक्य असते. आरशात घर दिसते, होडी दिसत नाही. १८६५ च्या कायद्यातला तो जादा माणूस आता नाही आणि त्याची जागा चालकाच्या संयमाने भरून काढायची आहे.

२४/ हा सारा इतिहास महाराष्ट्रापासून फार दूर नाही. १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रभर कारखाने पसरले. आरंभी ऊस बैलगाडीने गव्हाणीपर्यंत येई. येथे एक गोष्ट सहज निसटते. बैल ओढत आणि थोपवतही. उतारावर मागे रेटून, खूर रोवून ते गाडी धरत. दहा गाड्यांची रांग असली तरी प्रत्येक गाडीजवळ तिची स्वतःची जोडी, म्हणजे स्वतःचा ब्रेक होता.

२५/ बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, तेव्हा ओढण्याची ताकद अनेक पटींनी वाढली आणि एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लागल्या. थोपवण्याची ताकद मात्र त्या प्रमाणात मागे गेलीच नाही. पुष्कळशा ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. जोडणी एका पिनेवर. काठोकाठ रचलेल्या मोळ्यांमुळे चालकाला मागचे दिसत नाही. चढावर ओझ्याने ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात. रात्री मागच्या ट्रॉलीला दिवा नसेल, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती धडकेपर्यंत दिसत नाही. हंगामात अशा अपघातांच्या बातम्या दरवर्षी येतात.

२६/ चढावर ट्रॅक्टर अडला की काही वेळा मागची ट्रॉली सोडून एकेक ट्रॉली वर चढवली जाते. साथीदार धावत जाऊन चाकाखाली दगड लावतो. आर्माच्या चढावर १२ जून १८८९ च्या सकाळी हेच केले गेले होते. तेथील दगड चिरडले गेले आणि त्यातून कायदा जन्मला.

२७/ परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा आता अनेक कारखान्यांच्या परिसरात होतात आणि त्या आवश्यकच आहेत. परंतु पट्टी मागून येणाऱ्याला सावध करते, सुटलेली ट्रॉली ती थांबवू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक ट्रॉलीला ब्रेक, पिनेला जोडून साखळी आणि मागच्या ट्रॉलीवर चालू दिवा, एवढ्या तीन गोष्टी लागतात. यांतली एकही नवी नाही. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कुटुंबकबिल्यासह पुष्कळदा याच ट्रॉल्यांतून कारखान्यांकडे येतात आणि हंगाम संपला की याच ट्रॉल्यांतून परत जातात.